बर्फ थांबला म्हणजे धोका टळला, असं नाही

डिसेंबर उजाडला की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून डेहराडून आणि चंडीगढकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये रकसॅकची गर्दी होते. केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही नावं आता आपल्याकडे राजगड-तोरण्याइतक्या सहज घेतली जातात. कुणी ट्रेकला जात नसेल तर मनालीला जातं, गुलमर्गला जातं, गंगटोकहून नाथुलाला जातं. बर्फ बघायला जावंच. पण ज्या घरातून कुणी या हिवाळ्यात निघणार आहे, त्या घरात पुढच्या चार गोष्टी एकदा मोठ्यानं वाचल्या जाव्यात, एवढीच विनंती आहे.

पहिली गोष्ट सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी. आपण पावसात वाढलेले लोक. धो धो कोसळणाऱ्या सरीत नाळ चढणं, धबधब्याखालून वाट काढणं, धुक्यात चुकणं आणि पुन्हा सापडणं, यातून आपल्या अंगात एक सवय मुरते: पाऊस थांबला, आकाश उघडलं की निघायचं. सह्याद्रीत हे बहुतेक वेळा चालून जातं. ओढ्याचं पाणी काही तासांत उतरतं, वाट दिसू लागते. हिमालयात हीच सवय जिवावर उठते. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडतं, आकाश निळंशार होतं, आणि तंबूत कंटाळलेली सगळी मंडळी बूट चढवून बाहेर येतात. हिमस्खलनाच्या दृष्टीनं तो सगळ्यात वाईट दिवसांपैकी एक असतो. बर्फ पडायचा थांबलेला असतो, पण पडलेला बर्फ अजून बसलेला नसतो.

असं का, ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण नियम नुसते पाठ केले तर ते ऐन वेळी आठवत नाहीत. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक बर्फवृष्टीचा वेगळा थर असतो, आणि मधल्या काळात कडाक्याची थंडी पडली तर जुन्या थरातला बर्फ साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो. एकमेकांना न धरणारे दाणे. त्यावर वादळ दीड-दोन फुटांचा नवा थर आणून टाकतं, वारा तो दाबून घट्ट करतो. आता वरती जड, आखडलेली लादी आणि खाली तिला न पेलणारा भुसभुशीत थर, अशी रचना तयार होते. ती काही तास, कधी काही दिवस तशीच टिकते. मग त्यावर वजन येतं. ते वजन बहुतेक वेळा माणसाचं असतं. जगभरच्या नोंदी हेच सांगतात की, हिमस्खलनात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी आणि स्कीपटूंपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांनी ते स्खलन स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. म्हणजे डोंगर आपल्यावर कोसळला असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुधा आपणच पाडलेला असतो. म्हणूनच यात वाईटाबरोबर चांगली बातमीही आहे. जे आपल्या पावलानं सुरू होतं, ते पाऊल न टाकल्यानं टळतंही.

आता उतार. हिमस्खलन कुठेही होत नाही. अगदी उभ्या कड्यावर बर्फ फार साठतच नाही, तो पडता पडता घसरून जातो. सपाटीवर तो घसरत नाही. घातक असतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार, आणि त्यातही अडतीसच्या आसपासचे. दुर्दैव असं की, चढायला मजेशीर, घसरगुंडी खेळायला लोभस आणि फोटोत देखणे दिसतात ते नेमके हेच. आपल्या डोळ्यांचा अंदाज यात हमखास चुकतो. म्हणून फोनमध्ये उतार मोजणारं अ‍ॅप ठेवा. ट्रेकिंगची काठी बर्फावर उताराच्या दिशेनं आडवी टाका आणि फोन तिच्यावर ठेवा. सुरुवात घरच्या जिन्यापासून करा, म्हणजे तीस अंश म्हणजे किती हे अंगवळणी पडेल. नव्या बर्फानंतर तीसच्या वरचा उतार दिसला की वाट बदला, आणि तुमच्या डोक्यावर तसा उतार असेल तर त्याच्या खालूनही जाऊ नका. हे दुसरं लोक विसरतात. तुम्ही सपाटीवर असाल, पण वरचा उतार सुटला तर त्याचा लोंढा सपाटीवर बराच आत येऊन थांबतो.

इथे सह्याद्रीची आणखी एक सवय मोडावी लागते. आपल्याला नाळ आवडते. गडाच्या दोन बुरुजांमधून, दोन कड्यांच्या बेचक्यातून वर जाणारी वाट म्हणजे आपल्याला हक्काची वाट वाटते. बर्फात नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचं ओघळून येण्याचं ठिकाण. तिथे छोटंसं स्खलनही माणसाला खोल गाडतं, कारण बर्फाला पसरायला जागा नसते आणि तो साचत जातो. बर्फात चालायचं ते सोंडेवरून, धारेवरून, दाट झाडीतून. धारेवर चालतानाही तिच्या वाऱ्यामागच्या बाजूला अधांतरी पुढे आलेला बर्फाचा थर असतो, ज्याला गिर्यारोहक कार्निस म्हणतात. वरून तो घट्ट जमिनीसारखा दिसतो, खाली काहीच नसतं. धारेच्या टोकाशी जाऊन सेल्फी काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वाऱ्याबद्दलही सांगायला हवं, कारण तो आपल्याकडे दुर्लक्षित आहे. आपण आकाशाकडे बघून बर्फ मोजतो, पण वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला लावतो, आणि तो आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कित्येक पट वेगानं साठवतो. म्हणजे रात्री एक कणही पडला नाही आणि नुसता वारा सुटला, तरी सकाळी खिंडीच्या मागच्या उतारावर दोन-तीन फूट नवा, ताणलेला थर असू शकतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसतो ना, ज्याचे व्हिडिओ आपण लगेच पाठवतो, तो धूर कुठल्या बाजूला पडतोय ते बघा. त्या बाजूला जायचं नाही.

डोंगर आधी इशारा देतो, फुकट देतो. आजूबाजूच्या उतारांवर ताजं स्खलन झालेलं दिसलं, चालताना पायाखालून धप्प असा खोल आवाज आला, पायाजवळून एखादी चीर बर्फात पुढे पळत गेली, चोवीस तासांत फूटभर किंवा जास्त बर्फ पडला, किंवा थंडीनंतर अचानक ऊब वाढली आणि झाडांवरून बर्फ गळायला लागला, तर यातली एक खूणही पुरेशी आहे. चर्चा नको, मत घ्यायला नको. ज्या वाटेनं आलात तिनंच मागे फिरा, तीही सुरक्षित असेल तर. आणि पुढे कुणाच्या पावलांचे ठसे आहेत, आधीचा गट गेला आहे, हा पुरावा धरू नका. उतार कधी पहिल्या माणसाला सोडतो आणि दहाव्याला धरतो.

प्रशिक्षित माणसांचंही असंच होतं, म्हणून आपण तरी फाजील विश्वास बाळगू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात 'द्रौपदी का डांडा २' या शिखराच्या चढाईत नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सचा गट हिमस्खलनात सापडला. २७ प्रशिक्षणार्थी आणि २ प्रशिक्षक असे २९ जण गेले. त्या दोन प्रशिक्षकांपैकी एक सविता कंसवाल. तिनं त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं सोळा दिवसांच्या अंतरानं सर केली होती. ही संस्था १९६५ पासून गिर्यारोहण शिकवते आहे, आपल्याकडचे कित्येक गिर्यारोहक तिथे शिकले आहेत. तरीही डोंगराला त्याचं काही नव्हतं. अनुभव धोका ओळखायला उपयोगी पडतो, उताराला थोपवायला नाही.

ट्रेकचं सोडा, गाडीनं जाणाऱ्यांचं काय? ४ एप्रिल २०२३, सिक्कीम. गंगटोकहून नाथुलाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक मेले. त्या दिवशी पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतचाच परवाना होता. पुढे जाऊन बर्फात खेळायचं म्हणून गाड्या पुढे नेल्या गेल्या. आता खरं सांगा, आपल्यातला कुणी असता तर चालकाला काय म्हणाला असता? "भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना, इथे बर्फ कमी आहे." चालकाचं पोट गिऱ्हाइकावर आहे, तो नेतो. दोन मैल म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर. परवान्यावरची ती मर्यादा सरकारी खाक्या नव्हती, डोंगराची होती. रस्त्यावर बंदीचा फलक, बॅरिकेड, लष्कराचा जवान, सीमा सडक संघटनेचा माणूस जिथे थांबवेल तिथे थांबायचं, ओळख काढायची नाही, फोन लावायचे नाहीत.

आणि जे त्या रस्त्यांवर वर्षभर राबतात त्यांनाही डोंगर सूट देत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर त्यांच्या छावणीतच हिमस्खलनाखाली गेले. लष्कर आणि बचाव पथकांनी ४६ जणांना जिवंत बाहेर काढलं, ८ जण दगावले. म्हणून तंबू कुठे लावतो, कॅम्प कुठे आहे, हा प्रश्न ट्रेक लीडरवर सोडू नका. तंबूतून बाहेर येऊन वर बघा. वर मोकळा, झाडं नसलेला उभा पट्टा दिसतोय का? त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत आणि मध्येच नाहीत, किंवा मधली झाडं वाकलेली, खोडं एका बाजूनं सोललेली आहेत, तर तो पट्टा रिकामा का आहे ते उघड आहे. तिथे मुक्काम नको म्हणून सांगा. लीडर चिडला तरी चालेल.

आता वादळ. हिमस्खलनाचं नाव मोठं, पण बर्फाच्या वादळात माणसं जास्त करून थंडीनं आणि वाट चुकून मरतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचा उरलासुरला पट्टा नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरावर गेला आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग खिंडीत प्रचंड बर्फ कोसळला. तो ऑक्टोबर होता, नेपाळमधला सगळ्यात निर्धोक मानला जाणारा महिना. चाळीसहून अधिक माणसं मेली, त्यात ट्रेकर होते, वाटाडे होते, भारवाहक होते, याक राखणारे गावकरी होते. आंध्रच्या किनाऱ्यावरचं वादळ नेपाळच्या खिंडीपर्यंत येईल हे वाटेवरच्या अनेकांच्या ध्यानीमनी नव्हतं. धडा साधा आहे. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल तर हिमालयात चढू नका, आणि हिवाळ्यात 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' म्हणजे पश्चिमी विक्षोभ येणार असं हवामान खात्यानं सांगितलं असेल तर तो उतरून गेल्यावरही दोन दिवस थांबा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हिमाचलच्या किन्नौरमध्ये महाराष्ट्रातले तीन ट्रेकर असेच अवेळी आलेल्या बर्फात अडकून थंडीनं गेले. तिघेही अनुभवी, वयानं मोठे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातल्या गटाचे नऊ जण परतीच्या वाटेवर वादळात सापडून मरण पावले. जूनमध्ये! आपल्याकडे पाऊस सुरू होण्याची वेळ. उंचीवर ऋतूचं कॅलेंडर चालत नाही.

वादळात अडकलात तर पहिला निर्णय लवकर घ्या. समोरचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा झाला, म्हणजे चालायची वेळ संपली. उजेड असतानाच थांबा, तंबू असेल तर लावा, नसेल तर मोठ्या खडकाच्या आडोशाला, झाडीच्या आत, उभ्या उताराखाली येणार नाही अशा जागी बसा. बर्फावर थेट बसू नका, सॅक, मॅट, दोर, जे असेल ते खाली घाला. ओले कपडे काढून कोरडे घाला, थंडी वाजत असली तरी ते कष्ट घ्या. एकत्र चिकटून बसा. आणि एकमेकांकडे बघत राहा. माणूस बोबडं बोलायला लागला, अडखळायला लागला, हातमोजा हरवला तरी त्याला काही वाटेना, चिडचिड करून "मी ठीक आहे" म्हणायला लागला, की शरीराचं तापमान घसरतंय. थरथर थांबली तर बरं वाटतंय असं समजू नका, ते आणखी वाईट लक्षण आहे. शुद्धीवर असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. दारू नको. अंग चोळणं नको. तंबूवर साठलेला बर्फ रात्री दर तासाला झटकायला माणूस नेमा, आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, त्याचा वायू वास न येता मारतो.

गाडीचंही तेच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या वीसहून अधिक पर्यटकांचा रस्त्यात अडकलेल्या गाड्यांमध्येच मृत्यू झाला. काही थंडीनं, काही गाडीत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं. गाडी बर्फात रुतली तर आधी सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा, मगच इंजिन सुरू करा. तेही थोडा थोडा वेळ, खिडकी बोटभर उघडी ठेवून. अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एमएच पाटीच्या गाड्यांची रांग पर्यटनाच्या हंगामात कुणी पाहिली नाही? त्या प्रत्येक गाडीत ब्लँकेट, पाणी, खायला काही आणि एक छोटं फावडं असायला हवं. मनालीत भाड्यानं मिळणारा तो रंगीत कोट आणि गमबूट तासभर खेळायला ठीक आहेत. रात्र काढायला नाहीत. जीन्स तर मुळीच नाही.

साधनांबद्दल आता. ट्रान्सीव्हर, ज्याला बीकन म्हणतात, ते छातीला बांधायचं यंत्र, प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी बारीक सळई, आणि धातूचं फावडं. हे त्रिकूट मोडता येत नाही. बीकन माणूस कुठे आहे ते सांगतं, प्रोब किती खोल आहे ते सांगते, फावडं बाहेर काढतं. हातानं खणून बघायचं मनातही आणू नका, थांबल्याक्षणी तो बर्फ इतका घट्ट बसतो की गाडलेल्या माणसाला बोट हलवता येत नाही. आणि वेळ? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुसंख्य लोक वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे फार थोडे. म्हणजे हेलिकॉप्टर, राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल (एसडीआरएफ), लष्कर, कुणीही येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. ज्यांच्याबरोबर तुम्ही चालताय तेच तुमचे वाचवणारे. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, दहा जवान गाडले गेले. त्यातले लान्स नायक हनमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, देशभर लोकांनी देव पाण्यात ठेवले, पण तेही ११ तारखेला गेले. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. तंबूत हवेची पोकळी राहिल्यानं एक माणूस सहा दिवस तगला, याला चमत्कार म्हणायचं, भरवसा ठेवायचा नाही.

स्खलन सुटलंच तर ओरडा, काठ्या टाकून द्या (म्हणून उभ्या उतारावर काठीचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत), बाजूला पळायचा प्रयत्न करा, आणि लोंढा मंदावतोय असं वाटताच दोन्ही हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा. बाहेर राहिलेल्यांनी मित्र शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत पक्की धरायची, वरून आणखी काही सुटणार नाही एवढं बघायचं आणि ताबडतोब शोध सुरू करायचा. सगळे जण मदत आणायला खाली पळत सुटतात, ती सर्वात घातक चूक. तोंड मोकळं झालं की नाकातोंडातला बर्फ काढून श्वास द्या, बाकी शरीर नंतर.

एखादा संशयास्पद उतार ओलांडणं अगदी टाळताच येत नसेल, तर एका वेळी एकच माणूस जाऊ द्या, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा. मध्ये फोटो नाही. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत हे पहाटेच, ऊन बर्फाला भिडायच्या आत.

यातलं बीकनचं काम इथेच शिकता येतं. पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग क्लबांना माझं आवाहन आहे की, हिमालयाच्या बॅच लावण्याआधी एका रविवारी मैदानात पालापाचोळ्याच्या ढिगात किंवा कोरड्या वाळूत सॅकमध्ये बीकन पुरा, घड्याळ लावा आणि प्रत्येकाला शोधायला लावा. पहिल्यांदा वेळेत जमणं अवघड जातं. दमछाक इथे होऊ दे. एक सूचना परदेशी व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांना: त्यात दाखवतात ते सॅटेलाइट कम्युनिकेटर आणि सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. मागवू नका. फोनमध्ये मदतीसाठी ११२ क्रमांक आहेच, पण रेंज नसणाऱ्या दरीत त्याचा उपयोग नाही, म्हणून वाट आणि परतण्याची तारीख गावात, वनखात्याच्या चौकीत आणि घरी लिहून द्या.

इशारे वाचायची सवय लावा. चंडीगढची संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था, जी आधी 'सासे' या नावानं ओळखली जायची, हिमस्खलनाचे इशारे तयार करते. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं ते जिल्हानिहाय आणि उंचीनिहाय जाहीर करतात. त्यात 'मध्यम धोका' असं लिहिलेलं दिसलं की आपण परीक्षेतला दुसरा वर्ग समजून निश्चिंत होतो. युरोपातल्या आल्प्सचा अनुभव उलटा आहे. तिथे पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत सर्वात जास्त माणसं तिसऱ्या पायरीला मरतात, पाचव्या पायरीला नाही. पाचव्या पायरीला कुणी घराबाहेर पडत नाही, तिसऱ्याला सगळे पडतात.

आता खरा अडथळा, आणि यावर मी मुद्दाम जरा जास्त बोलणार आहे. हे सगळं माहीत असूनही माणसं जातात, कारण सुट्टी सहाच दिवसांची असते. परतीचं तिकीट काढलेलं असतं. चौदा-पंधरा हजार भरलेले असतात. ऑफिसात सांगून आलेलो असतो. तिसऱ्या दिवशी वादळ येतं, चौथ्या दिवशी उघडतं, आणि पाचव्या दिवशी शिखर केलं नाही तर पुन्हा वर्ष. हिशेब डोंगराशी नसतो, कॅलेंडरशी असतो. म्हणून कार्यक्रम आखतानाच किमान दोन राखीव दिवस धरा, बुकिंग रद्द करता येईल असं तिकीट काढा, त्याचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. ज्यांना दोन दिवस जास्त मिळत नाहीत त्यांनी हिवाळ्यात उंच खिंड किंवा शिखर निवडू नये, खालचं गाव, देवदारातली पायवाट, नदीकाठ निवडावा. त्यात कमीपणा नाही.

गटाचाही दबाव असतो. पंधरा जणांत एकाला भीती वाटते, पण "तुझ्यामुळे सगळ्यांचं हुकलं" हे ऐकायला नको म्हणून तो गप्प बसतो. बहुतेकदा ती बाई असते, किंवा सगळ्यात लहान मुलगा, किंवा पहिल्यांदाच आलेला. निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा: एकानं नको म्हटलं की सगळे परत, कारण विचारायचं नाही, नंतर चेष्टा करायची नाही. आणि गढवालचा, किन्नौरचा, लाहौलचा गाइड "सर, आज नहीं" म्हणाला तर वाद घालू नका. त्यानं तिथली नाळ बर्फानं वाहताना कितीदा पाहिली आहे, आपण एकदाही नाही. उलट प्रश्न असा आहे की, तो "नको" असं मोकळेपणानं म्हणू शकतो का. आपण टीप शिखरावर पोचल्यावर देतो, खाली परतलो तर तोंड पाडून थोडकी देतो. मग तो कशाला थांबवेल? गाइडला, पोर्टरला, खेचरवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा, "भाईजी, ऊपर जाएँ या न जाएँ, आपके पैसे पक्के हैं।" हे एक वाक्य बीकनइतकंच कामाचं आहे.

ट्रेक कंपनी निवडताना जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा. बीकन देता का, गाइडनं गिर्यारोहणाचा कोणता कोर्स केला आहे, रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज कसा मिळवता, हे विचारा. आणि शेवटी हे विचारा की, मागच्या हिवाळ्यात हवामानामुळे किती बॅच अर्ध्यावरून परत आणल्या. आकडा आणि कारण सांगत असतील तर पैसे भरा. "आमचा शंभर टक्के समिट रेकॉर्ड आहे" असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि दुसरी कंपनी बघा.